बारावीनंतर मामाचा ट्रक की कॉलेज?

राजगुरुनगरजवळच्या एका मुलाने मला विचारलं आहे: "काका, मला १८ पूर्ण झाली. बारावी सायन्स, ६१ टक्के. शहराबाहेरच्या एका खासगी कॉलेजात मेकॅनिकलला जागा मिळतेय, फी वर्षाला लाखाच्या वर. मामाच्या तीन गाड्या चाकणला लागतात. तो म्हणतो, चार वर्षं आणि पाच-सहा लाख घालवून करणार काय? माझ्याबरोबर चल, दोन वर्षांत ३० हजार कमवशील. चुलतभाऊ इंजिनिअर होऊन कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर १८ हजार घेतो, ते रोज डोळ्यांसमोर आहे. आईवडील म्हणतात शीक. मला गाडीची आवड आहे. काय करू?"

सविस्तर लिहितो, कारण हाच प्रश्न मला १९९६ मध्ये पडला होता आणि विचारायला कुणी नव्हतं. मी एस. वाय. बी. कॉम. अर्धवट सोडून क्लीनर म्हणून गाडीवर चढलो. १९९८ पासून १४ वर्षं स्वतः गाडी चालवली. २०१२ मध्ये जुनी दहाचाकी घेतली. आज माझ्या पाच गाड्या आहेत आणि बसायला निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरात एक टेबल आहे. या धंद्याने माझं घर उभं केलं. तेव्हा मी ट्रकच्या विरोधात बोलणार नाही, आणि तुला गोड वाटावं म्हणून बाजूनेही बोलणार नाही.

पहिली गोष्ट कायद्याची, कारण ती तुझ्या मामाने सांगितलेली दिसत नाही. १८ व्या वर्षी तुला कारचं लायसन्स मिळेल. मालवाहतुकीची गाडी रस्त्यावर चालवायला वय २० लागतं. ट्रान्सपोर्टचं शिकाऊ लायसन्स काढायलाही आधी हलक्या वाहनाचं लायसन्स किमान एक वर्ष जुनं असावं लागतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने साडेसात टनांपर्यंतच्या मालगाडीला हलक्या वाहनाचं लायसन्स चालतं असा निकाल दिला, तो टेम्पोवाल्यांना फार उपयोगी पडला. पण विशीची अट त्याने गेलेली नाही. म्हणजे मामा आज तुला गाडीवर घेऊन गेला तर पुढची दोन वर्षं तू कायद्याने क्लीनरच आहेस. रात्री दोन वाजता मामाला झोप आली आणि त्याने स्टिअरिंग तुझ्या हातात दिलं, आणि काही झालं, तर विमा कंपनी हात वर करायला बघेल आणि पोलीस केस तुझ्यावर होईल. आमच्या लाइनीत हे सर्रास चालतं. तू त्यात पडू नकोस.

ही दोन वर्षं लक्षात ठेव. त्यांच्यावरच माझं पुढचं सगळं उत्तर उभं आहे.

आता ३० हजारांचा हिशेब. मामा खोटं बोलत नाही. माझ्याकडे ट्रेलरवर आठ-दहा वर्षं काढलेल्या माणसाला पगार आणि भत्ता धरून ३४ हजारांच्या आसपास पडतात. नव्या पोराला २०-२२. ३४ मधले नऊ हजार रस्त्यातच जातात: दोन वेळचं जेवण, चहा, अंघोळ, मोबाइल, कुठे हमालाला हातावर ठेवायला. घरी पोहोचतात २५ हजार. महिन्यातले २४ दिवस तो बाहेर असतो. त्यातले रोजचे १४ तास तो चालवत असतो, नाहीतर लोडिंग, रांग, काटा, कागदपत्रं यात अडकलेला असतो. १४ गुणिले २४ म्हणजे ३३६ तास. तासाला पडले साधारण ७४ रुपये.

तुझ्या चुलतभावाचे १८ हजार घे. २६ दिवस, रोज आठ तास, २०८ तास. तासाला ८६ रुपये. त्याच्या जाण्यायेण्याचे दीड तास धरले तर ७३ वर येतात. दोघं सारखेच निघाले! फरक इतकाच की तो रात्री घरी झोपतो, आणि त्याच्या रविवारी त्याला कुणी "गाडी लागली आहे, ये" असा फोन करत नाही. जास्त पैसा दिसतो तो जास्त तासांचा आहे. हे मला वयाच्या तिसाव्या वर्षी कळलं, ते तुला अठराव्या वर्षी कळावं म्हणून आकडे मांडून दाखवले.

बाहेरच्या माणसाला वाटतं ड्रायव्हर म्हणजे गाडी चालवणारा. आमचं निम्मं आयुष्य गाडी उभी करून जातं. चाकणला एका मोठ्या कारखान्याच्या गेटबाहेर मी एकदा ३१ तास उभा होतो. माल सुट्या भागांचा, सकाळी आठचा टाइम दिलेला, मी साडेसातला हजर. आत जागा नाही म्हणून टोकन दिलं, नंबर ४७. गेटपाशी झाड नाही, संडास नाही. पत्र्याच्या केबिनमध्ये मे महिन्याची दुपार. बसलं तर पाठ चिकटते, खाली उतरलं तर नंबर जायची भीती. रात्री गाडीच्या आडोशाला स्टोव्ह मांडून खिचडी टाकली, ती शिजायच्या आत नंबर पुकारला आणि गाडी पन्नास फूट पुढे सरकवायला लागली, म्हणून पातेलं तसंच उचलून क्लीनरच्या मांडीवर ठेवलं. पोरगं भाजलं. आत जाऊन माल उतरला दुसऱ्या दिवशी दुपारी अडीचला. त्या ३१ तासांचा मला एक रुपया मिळाला नाही, कारण भत्ता फेरीवर होता. हॉल्टिंगचे, म्हणजे गाडी थांबवून ठेवल्याचे, पैसे मालकाला कागदावर मिळतात, तेही भांडून. ड्रायव्हरच्या हातात ते क्वचितच येतात.

आता थोडं बरं झालंय, तेही सांगायला हवं. मी चालवत होतो तेव्हा पुण्याच्या चारी बाजूंना जकात नाके होते, रात्र रात्र तिथे जायची. पुण्यात २०१३ ला जकात गेली, २०१७ ला जीएसटी आला आणि देशभरचे कराचे नाके उठले, २०२१ पासून फास्टॅग सक्तीचा झाला. २०२५ पासून बनणाऱ्या नव्या मोठ्या ट्रकना केबिनमध्ये एसी द्यावाच लागतो. हा बदल मी डोळ्यांनी पाहिला आणि मला त्याचा आनंद आहे. पण नाक्यावरची रांग गेली ती कारखान्याच्या गेटवर आली. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाचे आठ तास आणि आठवड्याचे ४८ तास ठरवून दिले होते. सुट्या मालकांच्या गाड्यांवर ते तास पाळलेले मी आजवर पाहिले नाहीत. मी स्वतः मालक झाल्यावर लांबच्या फेरीला दोन माणसं पाठवायला लागलो, तेव्हा शेजारच्या टेबलवाल्यांनी मला वेड्यात काढलं.

चालवत होतो तेव्हा मी भत्त्याची एक वही ठेवायचो. डिझेल किती, टोल किती, हवा-पंक्चर किती. तिच्या मागच्या पानावर मी आणखी एक गोष्ट लिहायचो: घरी झोपलो त्या रात्री. एका रात्रीला एक फुली. २००९ च्या पानावर ७१ फुल्या आहेत. त्या वर्षी माझी मुलगी तीन वर्षांची होती. ती मला अहो-जाहो करायची, पाहुण्यांना करतात तसं. बायकोने सांगूनही ती "ये बाबा" म्हणेना. ती वही मी अजून जपून ठेवलीय आणि माझ्याकडे कामाला येणाऱ्या प्रत्येक नव्या लग्न झालेल्या पोराला ते पान दाखवतो.

पैशाकडे परत येतो, कारण खरी गोम पुढेच आहे. २२ व्या वर्षी ड्रायव्हर आणि २२ व्या वर्षी इंजिनिअर यांची तुलना सगळे करतात. ४२ व्या वर्षीची कुणी करत नाही. माझ्याकडे ४५ वर्षांचे एक ड्रायव्हर आहेत, २३ वर्षांचा हात, एक मोठा अपघात नाही, घाटात त्यांच्यामागे मी डोळे मिटून गाडी लावीन. आणि दुसरा २७ वर्षांचा आहे. दोघांच्या पगारात फरक आहे चार हजारांचा. मी वाईट मालक आहे म्हणून नाही. भाडं किलोमीटरवर आणि टनावर ठरतं, अनुभवावर ठरत नाही. गिऱ्हाईक मला २३ वर्षांच्या हाताचे जास्त पैसे देत नाही. उलट चाळिशीनंतर कंबर बोलायला लागते, साखर निघते, रात्रीचं समोरच्या दिव्यांनी डोळे दिपतात. व्यावसायिक लायसन्स दर पाच वर्षांनी मेडिकल करून रिन्यू करावं लागतं, आणि ज्या वयात माणसाला पगार सर्वांत जास्त हवा असतो त्याच वयात त्या मेडिकलची भीती वाटायला लागते.

शिक्षणाच्या नोकरीत वाढ असते. असते म्हणजे असू शकते. इथे मला तुझ्या चुलतभावाबद्दल बोलायला हवं, कारण तो काही चुकीचं उदाहरण नाही. पुणे जिल्ह्यात इंजिनिअरिंग कॉलेजं गल्लोगल्ली झाली. त्यातली काही फार चांगली आहेत. पण मी अशीही पोरं पाहिली आहेत की मेकॅनिकलची पदवी हातात आणि टॉर्क रेंच कधी धरलेला नाही. माझ्या एका गाडीचा सेन्सर गेला तेव्हा एक पदवीधर पोरगा नोकरी मागायला आला होता. मी म्हटलं, निदान डीईएफची, म्हणजे धुरातलं प्रदूषण कमी करणाऱ्या द्रवाची, लाइन कुठली ते दाखव. तो अर्धा तास बघत राहिला आणि शेवटी डोळ्यांत पाणी आणून म्हणाला, "काका, आम्हाला हे कधी दाखवलंच नाही." त्याच्या बापाने त्या कॉलेजला साडेपाच लाख भरले होते. मला त्या पोराचा राग आला नाही, ज्यांनी पैसे घेतले त्यांचा आला.

तेव्हा "शीक" एवढंच म्हणून भागत नाही. काय शिकायचं आणि कुठे, यावर सगळं आहे. लाखभर फी घेणाऱ्या त्या कॉलेजात जायच्या आधी गेल्या वर्षी पास झालेल्या चार पोरांना शोधून काढ आणि विचार: वर्कशॉप किती तास व्हायचं, नोकरी कुठे लागली, कंपनीच्या पगारावर की ठेकेदाराच्या, आज महिन्याला किती. कॉलेजच्या पाटीवरचे फोटो बघू नकोस. चार पोरं सापडली नाहीत किंवा सांगायला लाजली, तर तेच तुझं उत्तर आहे.

माझा सल्ला त्या दोन वर्षांत आहे. बारावी सायन्स गणितासह पास असलास तर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो, दोन वर्षांत डिप्लोमा हातात. प्रवेश तंत्रशिक्षण संचालनालयाच्या प्रक्रियेतून होतो. मंचरजवळ अवसरी खुर्दला सरकारी तंत्रनिकेतन आहे, पुण्यात गणेशखिंडीजवळ आहे. सरकारी तंत्रनिकेतनाची फी त्या खासगी कॉलेजच्या पासंगालाही पुरत नाही. उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीतून खुल्या प्रवर्गालाही शिक्षण शुल्काची निम्मी सवलत मिळते. राखीव प्रवर्गांच्या सवलती वेगळ्या आणि जास्त आहेत. तुला ६१ टक्के आहेत; जागा मिळेलच असं मी म्हणत नाही, पण फॉर्म न भरता मामाच्या गाडीत बसू नकोस.

आता बघ, दोन्ही गोष्टी कशा जुळतात. या महिन्यात कारचं शिकाऊ लायसन्स काढ, दिवाळीपर्यंत पक्कं होईल. डिप्लोमा संपेल तेव्हा तू विशीत असशील आणि हलक्या वाहनाचं लायसन्स वर्षाहून जुनं झालेलं असेल. त्याच उन्हाळ्यात तू हेवीचं शिकाऊ काढू शकतोस. म्हणजे मामाबरोबर आज गेला असतास तर ज्या दिवशी स्टिअरिंग हातात आलं असतं, साधारण त्याच दिवशी येणार आहे. फक्त खिशात एक डिप्लोमा जास्त असेल. तुला ट्रकसाठी काहीच सोडावं लागत नाही, म्हणूनच मी घाई करू नकोस म्हणतो.

डिप्लोमा आणि हेवी लायसन्स एका माणसाकडे असणं ही आमच्या लाइनीत फार दुर्मीळ गोष्ट आहे आणि तिला किंमत आहे. आरटीओतला सहायक मोटार वाहन निरीक्षक एमपीएससीतून भरतात. त्याला ऑटोमोबाइल किंवा मेकॅनिकलचा तीन वर्षांचा डिप्लोमा लागतो आणि वाहन चालवता यावं लागतं. तुझा डिप्लोमा थेट दुसऱ्या वर्षातून असेल, तेव्हा जाहिरातीतली पात्रतेची ओळ नीट वाचूनच फॉर्म भर. सदाशिव पेठेत खोली घेऊन वर्षानुवर्षं अभ्यास करणाऱ्या पोरांतल्या कितीतरी जणांना गाडीचं काही माहीत नसतं. तुला ते रोजच्या जगण्यातून माहीत असेल. विमा कंपन्यांचा अपघात सर्व्हेअर व्हायला डिप्लोमा किंवा पदवी लागते. धुराच्या प्रदूषणाचे बीएस-६ नियम आल्यापासून ट्रकच्या वर्कशॉपमध्ये लॅपटॉप लावून फॉल्ट शोधणारा माणूस हवा असतो, आणि तो स्वतः गाडी बाहेर काढून घाटात ट्रायल घेऊन येत असेल तर मालक त्याला सोडत नाहीत. मोठ्या ट्रान्सपोर्ट कंपन्यांत शंभर-दोनशे गाड्यांचं बघणारा फ्लीट मॅनेजर लागतो. मी पाहिलेले बहुतेक फ्लीट मॅनेजर कधी ट्रकमध्ये झोपलेले नसतात, त्यामुळे ते ड्रायव्हरला असा टाइम देतात की तो पाळायचा तर त्याने झोपूच नये. तुझ्यासारखा माणूस त्या खुर्चीत बसावा असं मला मनापासून वाटतं.

आणि डिप्लोमानंतर मन झालं तर पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. तेव्हा तुला कॉलेज पारखायची अक्कल आलेली असेल.

तू लिहिलंस की गाडीची आवड आहे. या वाक्याची चेष्टा मी कधी करणार नाही. एक्स्प्रेसवे अजून झाला नव्हता, १९९७ ची गोष्ट. न्हावाशेवा बंदराला जाणारा माल भरून आम्ही खंडाळ्याचा घाट उतरत होतो. वस्ताद चालवत होते, मी क्लीनर. पुढच्या गाडीवाल्याने डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल केलेली, तिच्या चाकांतून धूर यायला लागला. खोपोलीत दोन्ही गाड्या थांबल्या तेव्हा मी धावत बादली भरून आणली आणि त्या गाडीच्या चाकावर मारणार, तोच वस्तादांनी माझा हात धरला. "गरम ड्रमवर पाणी मारलंस तर ड्रम तडकेल. तो मेला नाही, तू मारशील." मग मला आमच्या गाडीच्या ड्रमजवळ हात न्यायला लावला. कोमट होता. "ज्या गिअरात घाट चढतोस, त्याच गिअरात उतरायचा. ब्रेक थांबायला असतो, उतरायला नाही." न्यूट्रल केलं की इंजिनाची ओढ सुटते, सगळं ओझं ब्रेकच्या लायनरवर येतं, ते तापून पकड सोडतात. इंजिनच बंद केलं तर हवा भरणारा कॉम्प्रेसर थांबतो आणि स्टिअरिंग दगडासारखं जड होतं. साताऱ्याकडून येताना नवीन कात्रज बोगद्यातून बाहेर पडल्यावर नवले पुलापर्यंत जो सलग उतार आहे, तिथे पुन्हा पुन्हा अपघात होतात, माणसं मरतात. त्या प्रत्येक बातमीला मला खोपोलीतली ती बादली आठवते. हे शिकवणारे वस्ताद आता कमी राहिलेत. तुझा मामा तसा असेल तर तुझं नशीब.

वीस टन माल वेळेवर, एक ओरखडा न पडता पोहोचवून ताडपत्री सोडताना जे वाटतं ते मला टेबलावर बसून कधी वाटलं नाही. ते सुख खरं आहे. म्हणूनच ते आधार नसलेल्या अवस्थेत घेऊ नये.

घरची परिस्थितीच अशी असेल की दोन वर्षं थांबणं शक्य नाही, वडिलांचं आजारपण आहे, कर्ज आहे, तर कॉलेज सोडणाऱ्याला मी नावं ठेवणार नाही. मीही सोडलंच होतं. मग निदान रीतसर उतर. क्लीनरची दोन वर्षं एकाच चांगल्या माणसाच्या हाताखाली काढ. हेवी शिकताना भोसरीच्या सीआयआरटीशी (केंद्राच्या रस्ते वाहतूक संस्थेशी) जोडलेल्या ड्रायव्हर ट्रेनिंगच्या संस्थेत रीतसर शीक, कोपऱ्यावरच्या मोटार ड्रायव्हिंग स्कूलमधून नुसतं लायसन्स आणू नकोस. पहिली नोकरी अशी बघ जिथे पगार बँकेत येतो आणि पीएफ कापला जातो. रोख पगाराच्या नोकरीत माणूस दहा वर्षांनी रिकामा असतो. कंपनीची ठरलेली लाइन मिळाली, म्हणजे चाकण ते हुबळी किंवा रांजणगाव ते हैदराबाद असं जाऊन येऊन, तर दोन हजार कमी घे पण ती घे. परतीच्या भाड्यासाठी परमुलखात चार दिवस पडून राहावं लागत नाही. ओव्हरलोडला सरळ नाही म्हण. कायद्यात २०१९ पासून २० हजार दंड आणि वर प्रत्येक जादा टनाला दोन हजार आहेत. तो मालक भरेल, पण गाडी उलटली तर आत तू असशील. पहिल्या पगारातून बँकेत जाऊन सुरक्षा विमा आणि जीवनज्योती या दोन्ही सरकारी योजना घे. वर्षाला एकीचे २० रुपये आणि दुसरीचे ४३६, प्रत्येकी दोन लाखांचं संरक्षण. आणि यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठात नाव घाल. आमच्या ओळखीच्या एका ड्रायव्हरने गेटबाहेरच्या रांगांमध्ये पुस्तकं वाचून बी. ए. पूर्ण केलं. रांगेचा असा उपयोग करणारा मी पाहिलेला तो एकटाच.

अपघाताबद्दल थोडक्यात. नव्या न्याय संहितेत निष्काळजीपणाने मृत्यू झाला तर पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे, पूर्वी दोन होती. पळून गेल्यास दहा वर्षांचं जे कलम होतं, ज्यावरून जानेवारी २०२४ मध्ये चक्का जाम झाला, ते सरकारने लागू करायचं थांबवून ठेवलं. कलम काहीही असो, जखमीला मदत करणं आणि पोलिसांना कळवणं हे ड्रायव्हरचं कर्तव्य कायद्यात पहिल्यापासून आहे. जमाव मारेल अशी भीती असेल तर सरळ जवळच्या पोलीस ठाण्यात जा, घरी नको.

मामा पुढे-मागे म्हणेल, फीच्या पैशांत गाडीचं डाउन पेमेंट होतं. होतं. मी जुनी गाडी घेतली तेव्हा चौथ्या महिन्यात इंजिन बसलं. दीड लाख खर्च, वर हप्ता, आणि गाडी २२ दिवस गॅरेजला. बायकोचं मंगळसूत्र पतपेढीत गेलं आणि तीन वर्षांनी सुटलं. मी तरलो कारण तोपर्यंत १४ वर्षांत मला तीन पार्टी, म्हणजे माल देणारी गिऱ्हाइकं, अशा जोडता आल्या होत्या की ज्यांनी भाडं आगाऊ दिलं. विशीत तुझ्याकडे गाडी असेल, पार्टी नसेल. हप्ता महिन्याच्या पाच तारखेला येतो आणि भाड्याचे पैसे साठ-नव्वद दिवसांनी. पाच वर्षं चालवल्याशिवाय स्वतःची गाडी घेऊ नकोस, कुणीही कितीही भरीस घातलं तरी.

परदेशात ट्रक चालवायला पाठवतो म्हणून पैसे मागणारे एजंटही तुला भेटतील. परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नाव असेल तरच बोल, नाहीतर फोन ठेव.

आता या महिन्यात काय करायचं ते सांगतो. डिप्लोमाच्या प्रवेशाच्या तारखा बघून अवसरीला एकदा स्वतः जाऊन ये, वर्कशॉप दाखवा म्हण. फॉर्म भर. त्यानंतर मामाला सांग की मला एक पूर्ण फेरी घेऊन चल, लोडिंगपासून परत येईपर्यंत, मध्येच उतरवू नकोस. बरोबर शंभर पानी वही घे आणि दर तासाला लिही: गाडी चालत होती की उभी, उभी तर कुठे आणि कशासाठी, मामा किती झोपला, काय खाल्लं, किती पैसे गेले. परत आल्यावर ती वही आधी आईला वाचून दाखव, मग मामाला. आणि जमलं तर घेऊन माझ्याकडे ये. दुपारी चारनंतर मी ट्रान्सपोर्टनगरातच असतो, २००९ ची माझी वहीही तिथेच ड्रॉवरमध्ये आहे.